कोकणचा सडा: कातळ एक, वाटेकरी अनेक

राजापूर तालुक्यातलं कशेळी गाव बहुतेकांना कनकादित्याच्या देवळामुळे ठाऊक आहे. याच गावाच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावर, जांभ्या दगडात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. त्याच्या अंगाच्या रेषेआत मासे, जनावरं, पक्षी अशा कितीतरी आकृत्या आहेत. कातळात कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही, त्यामुळे काळाचे अंदाज मध्याश्मयुगापासून इतिहासकाळाच्या आरंभापर्यंत पसरलेले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि जाणत्यांना विचारत अशी हजाराहून अधिक शिल्पं उजेडात आणली. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यातली नऊ ठिकाणं गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यात कुशावती नदीच्या काठचं.

सातबाऱ्यावर मात्र सड्याची बरीचशी जमीन ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेली असते. जिथे पीक येत नाही ती जमीन खराब, हा महसुली हिशेब इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. माझ्या मते सड्याचं सगळ्यात मोठं नुकसान या एका नोंदीने केलं आहे, कारण खराब म्हटलेल्या जागेचं काहीही केलं तरी कोणाला वाईट वाटत नाही.

हा कातळ काय काम करतो ते पाहा. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचा जांभा झाला. जांभा सच्छिद्र असतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सड्यावर पडलेल्या या पावसातला काही भाग छिद्रांतून आणि भेगांतून खाली जातो, तळाच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. सड्याखालच्या वाडीची विहीर आणि पायथ्याची माडा-पोफळीची बाग याच पाण्यावर उभी असते.

वरच्या अंगाला माती जेमतेम बोटभर, तीही खळग्यांतच. एप्रिल-मेमध्ये कातळ तापून पाय ठेवू देत नाही आणि जुलैत त्याच जागी पाणी साचलेलं असतं. दोन्ही टोकं सोसतील असेच जीव इथे टिकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा 62 वनस्पती नोंदवल्या आहेत, ज्या अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गमावून महिनोन्महिने सुकून पडतात आणि पाऊस लागताच पुन्हा हिरव्या होतात. त्यांतल्या अनेकींचं घर म्हणजे उघडा खडक. सीतेची आसवं या इवल्या निळ्या-जांभळ्या फुलाला मातीतून पुरेसं नत्र मिळत नाही, म्हणून त्याच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्या सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात पाण्यातला जीव आत ओढतात. दीपकाडीची पांढरी फुलं तर कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर कुठे भेटतच नाहीत. सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल राहते, तीही याच प्रदेशापुरती. आणि फुरसं अर्थातच, त्यामुळे दगड उचलताना हात जपून घालावा.

हवामानबदलाचा घाव मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो डबक्यांत. फेअरी श्रिंप हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, बोटाच्या पेराएवढा जीव कातळावरच्या डबक्यात जन्मतो, वाढतो आणि पाणी आटायच्या आत अंडी घालून मरतो. ती अंडी वाळलेल्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. विशेष म्हणजे पहिल्या पावसाला सगळी अंडी एकदम उबत नाहीत, काही मागे थांबतात. जाणता शेतकरी पहिल्या सरीवर सगळं बियाणं पेरून मोकळा होत नाही, तसंच हे आहे. पण ही सावधगिरी जुन्या पावसाच्या तालावर घडलेली आहे. जूनमध्ये चार दिवस कोसळून मग पंधरवडाभर उघडीप पडली, तर जन्मलेली पिढी अंडी घालण्याआधीच संपते. असं लागोपाठ काही वर्षं झालं, तर मागे राखलेली अंडीही सरत जाणार. कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या बेडकांपुढे तर तोही आधार नाही. आंबोलीचा छोटा भेक 2009 मध्ये स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेला आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या पिल्लांना शेपूट झडून पाय फुटेपर्यंत पाणी टिकायलाच हवं.

पाऊस विस्कटतो आहे याची नोंद पक्की आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्या पावसाचं बाष्प अरबी समुद्रावरून येतं, आणि तो समुद्र तापतो आहे. जुलै 2021 मधला चिपळूणचा पूर कोकणात कोणी विसरलेलं नाही. शिल्पांच्या बाबतीतही हा प्रश्न आहेच. उथळ कोरलेल्या रेषेवरून वाहणाऱ्या पाण्याचा जोर वाढला, की झीज वाढते.

उष्णता वाढली की डोंगरातले जीव वर सरकतात असं आपण वाचतो. सड्यावरच्या वनस्पतीला ते कसं जमावं? तिच्या सड्याभोवती उतार आहे, झाडी आहे, शेती आहे, आणि पुढचा उघडा कातळ कोसभर दूर. समुद्राजवळच्या बुटक्या सड्यांपासून 1200 मीटर उंचीच्या कासपर्यंत वेगवेगळ्या उंचीवरचे अनेक कातळ शाबूत राहिले, तरच काही जातींना जागा मिळेल. हे कुठल्याही एका तालुक्याचं, जिल्ह्याचं किंवा एका राज्याचंही काम नाही. ‘प्रादेशिक भागीदारी’ हा सरकारी वाटणारा शब्द इथे अगदी शब्दशः लागतो.

पण भागीदारी म्हणजे सगळ्यांनी एका व्यासपीठावर बसणं नव्हे. खरे प्रश्न कातळावर उभं राहिल्यावर कळतात. शिल्पाच्या खाचेत साचलेली माती पुरातत्त्व अभ्यासकाला काढून टाकावीशी वाटते, आणि त्याचं बरोबर आहे, कारण ती काढल्याशिवाय रेषा दिसत नाही. पण गवताला आणि गेंदाच्या फुलाला तीच माती हवी असते. कोणत्या शिल्पाची सफाई करायची, कोणतं झाकलेलंच ठेवायचं, काढलेली माती कुठे टाकायची, हे दोघांनी मिळून ठरवावं लागेल. कासला कुंपण घातलं आणि चराई थांबली, तेव्हा फुलं वाचतील असं वाटलं होतं. पुढे उंच गवताने फुलं दबल्याची तक्रार झाली आणि कुंपण काढावं लागलं. गुरं चारणारा माणूस त्या परिसंस्थेचा भाग होता, हे शिकायला काही वर्षं गेली.

बागांचा प्रश्न याहून अवघड आहे. सड्यावर सुरुंग लावून खड्डे घेतात, बाहेरून माती आणून हापूस किंवा काजू लावतात. राजापूर भागातल्या सड्यांवर झालेल्या अभ्यासात नैसर्गिक कातळ, भातखाचरं आणि बागा यांची तुलना केली, तेव्हा बेडकांची संख्या बागांत सर्वांत कमी निघाली. तरीही बागायतदाराला खलनायक ठरवून काही साधणार नाही. जांभ्या दगडाची चिरेखाण किंवा कलम याखेरीज त्या जमिनीतून त्याला दुसरं उत्पन्न कोणी दाखवलेलं नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटर निर्बंध, हा नियमही गावात ठाऊक असतो. आपल्या जमिनीत शिल्प सापडलं तर गोठासुद्धा बांधता येणार नाही, या धास्तीने ते बुजवलं जाण्याचा धोका खरा आहे. त्यात कोकणातला सामाईक सातबारा: एका गटावर पंचवीस-तीस नावं, निम्मी मुंबईत. म्हणून या भागीदारीत वन विभाग, पुरातत्त्व खातं आणि विद्यापीठांइतकीच मुंबईतली ग्रामस्थ मंडळंही हवीत.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं ते रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीत दिसतं. तिथे गावकऱ्यांच्या पुढाकाराने हत्तीच्या शिल्पाभोवती चिऱ्यांचा बांध घातला गेला. सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डे इथलं रानजायफळाचं दलदली जंगल अवघं 2.59 हेक्टर, पण जैवविविधता कायद्याखाली वारसास्थळ म्हणून जाहीर झालं. जमीन ताब्यात घेऊन लोकांना बाहेर काढायची गरज या वाटेने पडत नाही. सड्यांसाठी ती वापरून पाहायला हवी.

सुरुवात करायची तर एकाच सड्यावर दोन फेऱ्या लागतील. शिल्पं दिसतात गवत वाळल्यावर, उन्हाळ्यात. बेडूक, डबकी आणि फुलं दिसतात जून ते सप्टेंबर. आज या दोन्हींचे अभ्यासक वेगवेगळ्या ऋतूंत येतात आणि आपापले नकाशे घेऊन जातात. दोन्ही नकाशे, त्यांच्यासोबत झऱ्यांचा आणि विहिरींचा तिसरा, एकाच गट क्रमांकांवर बसवून ग्रामसभेपुढे ठेवले, तर कुठे कलमं लावता येतील, कुठे चिरा काढता येईल आणि कुठल्या कातळाला हात लावायचा नाही, हे ठरवायला गावाकडे प्रथमच पुरेशी माहिती असेल.