डेटा संपत आल्याचं भाकीत आणि त्यामागची सत्तर वर्षं

चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना शिकवायला माणसाने लिहिलेला मजकूर लवकरच पुरेनासा होणार, हे भाकीत आता चहाच्या टपरीपर्यंत पोचलंय. त्याचा आकडेवारीसकट उगम 2022 सालचा. एपॉक नावाच्या संशोधन गटाने तेव्हा हिशेब मांडला की दर्जेदार मजकूर 2026 च्या आत वापरून संपेल. 2024 मध्ये त्याच गटाने नवा हिशेब केला आणि मुदत 2026 ते 2032 अशी पुढे ढकलली. वेबवरचा कचरा नीट चाळून घेतला तर तो मजकूरही चांगला चालतो आणि तोच मजकूर यंत्राला दोन-चारदा वाचायला दिला तरी बिघडत नाही, असं मधल्या काळात दिसून आलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये व्हँकूवरच्या परिषदेत ओपनएआयचे एक सहसंस्थापक इल्या सुत्स्केव्हर यांनी डेटाला खनिज इंधनाची उपमा दिली. इंटरनेट एकच आहे, दुसरं कुठून आणणार, असा त्यांचा रोख होता.

पण मजकूर हे यंत्राचं खाद्य आहे, हे उमगायलाच या क्षेत्राला तीसेक वर्षं लागली.

7 जानेवारी 1954, न्यूयॉर्क, आयबीएमचं मुख्यालय. रशियनचा गंधही नसलेली एक मुलगी रोमन लिपीतली रशियन वाक्यं कार्डांवर छिद्रं पाडून भरते आणि यंत्र त्यांचं इंग्रजी भाषांतर छापून देतं. साठेक वाक्यं होती, सगळी आधी निवडून ठेवलेली. यंत्राचा शब्दसाठा 250, व्याकरणाचे नियम फक्त सहा. प्रयोगाचे एक सूत्रधार, जॉर्जटाउन विद्यापीठाचे लिऑन डॉस्टर्ट यांनी सांगून टाकलं की पाच, कदाचित तीनच वर्षांत महत्त्वाच्या विषयांचं यांत्रिक भाषांतर प्रत्यक्षात येईल. सहा नियमांनी एवढं होतं, तर सहाशे लिहू, असं ते गणित होतं. 1966 मध्ये अमेरिकी सरकारने नेमलेल्या समितीचा, आल्पॅकचा, अहवाल आला. यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा महाग आणि वाईट पडतं, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि पैशांचा नळ जवळपास बंद झाला.

दरम्यान 1956 ची अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजची बैठक होऊन गेली होती. दहा जणांनी दोन महिने बसायचं आणि यंत्राच्या बुद्धीत मोठी मजल मारायची, असा तिचा प्रस्ताव. पुढे याच क्षेत्रातले संशोधक हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूवेल म्हणाले, दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. जगज्जेत्या कास्पारोव्हला संगणकाने सामन्यात हरवलं ते 1997 मध्ये.

या गाजावाजापासून लांब काही मंडळी मुकाट्याने शब्द मोजत होती. 1961 साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून सुमारे 2,000 शब्दांचा एक असे 500 उतारे निवडून ब्राउन विद्यापीठाने दहा लाख शब्दांचा संग्रह केला आणि 1964 मध्ये तो संगणकावर उपलब्ध झाला. याच साच्यावर पुढे कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 सालच्या मजकुराचा दहा लाख शब्दांचा संग्रह उभारला. भाषाशास्त्रात तो आजही ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. संग्रह कोल्हापूरचा खरा, पण आतली भाषा भारतीय इंग्रजी! मराठीसह भारतीय भाषांचे असे संग्रह करायचा सरकारी उपक्रम नव्वदच्या दशकात सुरू झाला आणि मराठीचं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आलं.

वारं फिरलं ते ऐंशीच्या दशकाअखेरीस, तेही पुन्हा आयबीएममध्येच. कॅनडाच्या संसदेचं कामकाज कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत छापावं लागतं. संशोधकांनी ते घेतलं आणि भाषांतराचे नियम लिहीत बसण्याऐवजी कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द किती वेळा येतो, ते मोजलं. तिथून भूक वाढतच गेली. 2020 च्या जीपीटी-3 या मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून मजकूर लिहायला शिकणाऱ्या यंत्रणेला, शिकवताना सुमारे 300 अब्ज टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, लागले. 2022 मध्ये गूगलच्या डीपमाइंडने दाखवलं की मॉडेल नुसतं फुगवण्यात अर्थ नाही, त्याला मजकूरही त्या मानाने भरपूर हवा. त्यांच्या चिंचिला या मॉडेलने 1,400 अब्ज टोकन वाचले. मेटा कंपनीच्या 2024 च्या लामा-3 ने 15,000 अब्जांवर. या वेगाने गेलं तर साठा कधी आटेल, हा प्रश्न मग लहान मुलालाही पडला असता.

आता हा साठा मोजतात तो वेबवरचा, आणि तिथे मराठीचं खातं जवळजवळ रिकामं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. आपण लिहिलं नाही असं थोडंच आहे? दैनिकं आहेत, दिवाळी अंक आहेत, गावोगावची साप्ताहिकं आहेत. अडलं ते फॉन्टपाशी. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, युनिकोड, 1991 मध्येच आली, पण डीटीपीचा धंदा पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांवर चालला. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि कुठला आकार कुठे, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवी. कागदावर सुबक मराठी, संगणकाच्या लेखी मात्र रोमन अक्षरांची भेळ.

माझ्याकडे 1999 सालच्या एका दिवाळी अंकाची पेजमेकर फाइल आहे. मध्यंतरी ती कन्व्हर्टरमधून काढली. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर लागते. रफारचं याच्या बरोबर उलटं. कन्व्हर्टर साधे शब्द सांभाळतो, जोडाक्षर आलं की घसरतो, आणि वेलांटी जाऊन बसते शेजारच्या अक्षरावर. पहिलं पान दुरुस्त करायला मला पाऊण तास लागला.

युनिकोडमध्ये आल्यावरही जागा जास्त लागतेच. वेबवर रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं, म्हणजे 30 बाइट. रोमन लिपीत हाच शब्द 11 बाइटांत मावतो. शब्दांचे तुकडे पाडणारी यंत्रणा प्रामुख्याने इंग्रजीवर बेतलेली असली, की मराठी वाक्याचा पार भुगा होतो.

येत्या काही वर्षांबद्दल आता दोन अंदाज जास्त ऐकू येतात. एक, यंत्रानेच लिहिलेल्या मजकुरावर यंत्र शिकेल. यावर जुलै 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला होता: असं पिढ्यान् पिढ्या करत राहिलं तर विरळ गोष्टी आधी गळतात आणि शेवटी मॉडेल भलतंच बरळू लागतं. गणित आणि प्रोग्रॅमिंगमध्ये उत्तर तपासता येतं, म्हणून तिथे ही युक्ती बरी चालते. मराठी परिच्छेद तपासायला माणूसच बसवावा लागतो. दुसरा अंदाज, बोलणं गोळा होईल. आपल्याकडे 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या केंद्र सरकारच्या भाषांतर उपक्रमाचा भर बराचसा आवाजावर आहे. आवाजाला फॉन्ट लागत नाही, हा त्यातला मोठाच फायदा.

दिवाळी अंकाची 200 पानं आहेत. सध्या मी चौदाव्यावर आहे.