ब्लफ-कॅचर (पोकर)

ब्लफ-कॅचर : पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याचा ब्लफ (हलक्या पानांवर लावलेली फसवी पैज) हरवू शकणारी, पण त्याच्या हाती खरे बळ असेल तर न टिकणारी मधल्या ताकदीची पाने. पानांच्या अधिकृत क्रमवारीत या वर्गाला जागा नाही. तीच पाने एका खेळाडूपुढे भक्कम, तर दुसऱ्यापुढे ब्लफ-कॅचर ठरतात. नो-लिमिट टेक्सस होल्डेम (हाती दोन, टेबलावर पाच सामाईक पाने आणि पैजेला कमाल मर्यादा नाही, असा पोकर) या प्रकाराच्या सहा किंवा कमी खेळाडूंच्या ऑनलाइन टेबलावर सतत पैज वाढवणाऱ्या आक्रमक खेळाडूशी गाठ पडली, की बहुतेक अवघड निर्णय याच पानांपाशी येऊन अडतात.

गणित : पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, १०० चिप्स असताना प्रतिस्पर्ध्याने ५० लावल्या, तर कॉल करणारा (तेवढीच रक्कम घालून पैज स्वीकारणारा) ५० घालून २०० च्या एकूण पॉटवर हक्क सांगतो. म्हणजे चारांतून एकदा जिंकला तरी त्याचे नुकसान होत नाही. पैज पॉटएवढी असेल तर ही मर्यादा एक-तृतीयांश, दुप्पट असेल तर ४० टक्के. दुसऱ्या बाजूने पाहता, ५० लावणारा १०० मिळवू पाहतो. समोरचा एक-तृतीयांशापेक्षा अधिक वेळा पाने टाकत, म्हणजे डाव सोडत असेल, तर कोणत्याही पानांवर ब्लफ करणे फायद्याचे ठरते. म्हणून अर्ध्या पॉटच्या पैजेपुढे दोन-तृतीयांश, पॉटएवढ्या पैजेपुढे निम्मी आणि दुप्पट पैजेपुढे एक-तृतीयांश पाने राखावीत, असे ‘किमान बचाव-प्रमाण’ सांगते. या दोन आकड्यांची गल्लत सर्रास होते. पहिला एका विशिष्ट कॉलबद्दल बोलतो, दुसरा खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या सगळ्या पानांबद्दल. शिवाय दुसरा आकडा काटेकोरपणे लागू पडतो तो टेबलावर शेवटचे पान उघडल्यावर. त्याआधी ब्लफ करणाऱ्याची पानेही सुधारू शकतात.

सर्वांत स्वच्छ उदाहरण गणिती हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तीन पानांच्या खेळात सापडते. राजा, राणी आणि गुलाम एवढीच पाने; दोन खेळाडू प्रत्येकी एक नाणे मध्ये टाकतात, प्रत्येकाला एक पान मिळते आणि पैज एकाच नाण्याची. राणी हा येथील शुद्ध ब्लफ-कॅचर : ती गुलामाला हरवते, राजापुढे हरते, आणि तिच्यावर स्वतःहून पैज लावण्यात अर्थ नसतो. पहिल्याने पैज लावली, तर राणी धरून बसलेल्या दुसऱ्याने तीनांतून एकदाच कॉल करावा, असे उत्तर निघते. हे भित्रेपणाचे वाटेल. पण पहिल्याकडे गुलाम असेल, तर दुसऱ्याकडे निम्म्या वेळा राजा असतो आणि राजा नेहमीच कॉल करतो. राणीचे कॉल त्यात मिळवले की बेरीज अर्ध्या पॉटच्या पैजेपुढे लागणारी बरोबर दोन-तृतीयांश भरते. पहिला खेळाडूही राजावर जितक्या वेळा पैज लावतो, त्याच्या एक-तृतीयांश वेळाच गुलामावर लावतो. एवढे अचूक खेळूनही दर डावाला सरासरी १/१८ नाणे तो गमावतोच; आधी बोलावे लागण्याची ही किंमत.

सिद्धांताचा उगम : खेळ-सिद्धांतातील या विचाराचा मान कोणाचा, यावर वाद झाला आहे. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ ते १९२७ या काळातील टिपणांत मिश्र चालींची (ठरावीक प्रमाणात, पण यदृच्छेने चाली बदलण्याची) कल्पना मांडली आणि १९३८ मध्ये पोकरचे एक प्रतिमानही दिले. मात्र मोजक्या चालींच्या खेळांपलीकडे ती सर्वत्र लागू पडेल का, याविषयी ते साशंक होते. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये, एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळांसाठी, सर्वसाधारण सिद्धता दिली. ब्लफचा तपशीलवार विचार अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथात आहे. १९५३ मध्ये फ्रेंच गणिती मॉरिस फ्रेशे यांनी बोरेल यांना आद्य प्रवर्तक ठरवले, तेव्हा त्या सिद्धतेवाचून सिद्धांतच उभा राहत नाही, अशा आशयाचे उत्तर फॉन नॉयमन यांनी दिले. पोकरपुरते पाहता दोन प्रतिमानांतला फरक अधिक बोलका आहे. बोरेल यांच्या खेळात पैज न लावणे म्हणजे डाव सोडणे, त्यामुळे हलक्या पानांपैकी कोणतीही ब्लफसाठी चालतात. फॉन नॉयमन यांच्याकडे पैज न लावताही पाने उघडता येतात. म्हणून मधली पाने गप्प बसतात आणि ब्लफ अगदी तळच्या पानांनी होतो. आजच्या होल्डेमच्या शेवटच्या फेरीशी जुळते ते हे दुसरे प्रतिमान.

आक्रमक प्रतिस्पर्धी : नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंडपोटी (पाने पाहण्याआधी आळीपाळीने भराव्या लागणाऱ्या, एक लहान व एक मोठी अशा सक्तीच्या रकमांपोटी) दर डावाला सरासरी ०.१७ मोठे ब्लाइंड जातात, सहा जणांच्या टेबलावर ०.२५. चांगल्या पानांसाठी थांबणे महाग, म्हणून सगळेच सैल, म्हणजे अधिक डाव खेळतात आणि पैजा हलक्या पानांवर लागतात. अशा वेळी ब्लफ-कॅचर घेऊन रेझ करणे (पैज वाढवणे) ही नेहमीची चूक : त्याने हलकी पाने पळून जातात आणि कॉल येतो तो वरचढ पानांकडून. चेक करून (पैज न लावता पाळी पुढे देऊन) प्रतिस्पर्ध्याला ब्लफ चालू ठेवू देणे बहुधा सरस.

कोणत्या पानांनी कॉल करावा हे त्यांच्या ताकदीपेक्षा ती कोणती पाने अडवतात यावर ठरते. समजा, टेबलावर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी, बदामची पंजी, चौकटची दुर्री, किल्वरची दुर्री आहे आणि आक्रमक खेळाडूने टेबलावर पाने उघडू लागल्यापासूनच्या तिन्ही फेऱ्यांत पैज लावली आहे. हाती राजा-दश्शी असेल, तर बाहेर दोनच राजे उरतात आणि समोर एक्का-राजा असण्याच्या १२ जोड्यांच्या ८ होतात. हे चांगले. पण ती दश्शी इस्पिकची असेल, तर फसलेल्या फ्लशच्या (एकाच रंगाची पाच पाने जुळवण्याच्या प्रयत्नाच्या) ५५ संभाव्य इस्पिक जोड्यांच्या ४५ उरतात, म्हणजे नेमके ब्लफच कमी होतात. बदामची दश्शी बरी.

समतोल प्रमाण पाळावे की प्रतिस्पर्ध्याच्या सवयीनुसार वळावे, यावर मतभेद आहेत. प्रमाण जाणून, पुरावा असेल तेवढेच त्यातून हटावे, ही भूमिका अधिक ग्राह्य दिसते. मात्र पुरावा नीट वाचावा लागतो. ऑनलाइन खेळात आकडेवारी ठेवणारी सॉफ्टवेअरे पैजा व रेझ यांच्या बेरजेला कॉलच्या संख्येने भागून ‘आक्रमकता-गुणक’ दाखवतात. कॉल न करता पाने टाकणाऱ्याचाही गुणक त्यात फुगतो, आणि पहिल्या फेरीत बेफाम असलेला खेळाडू शेवटच्या पानावर अगदी प्रामाणिक असू शकतो.

तीन किंवा अधिक जण पॉटमध्ये असताना बचावाचा भार वाटला जातो. वरील प्रमाण तेव्हा एकट्यावर लादता येत नाही. मर्यादित पैजेचा दोघांचा होल्डेम २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रणालीने जवळजवळ पूर्ण सोडवला. सहा जणांच्या नो-लिमिट खेळात नोम ब्राउन व तुओमास सँडहोम यांच्या प्लुरिबसने २०१९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंवर मात केली, पण तो खेळ त्या अर्थाने सुटलेला नाही.