मांजर भरपूर खातंय आणि तरी वाळतंय? थायरॉईड बघून घ्या

आपल्याकडे मांजर म्हातारं झालं की ते वाळणारच असं सगळे धरूनच चालतात, फार तर जंतांचं औषध देतात आणि मोकळे होतात. पण जरा नीट बघा, ते न खाऊन वाळतंय की खाऊन खाऊन? कारण दहा-बारा वर्षांचं मांजर पहाटे चारला उठून ओरडत फिरतंय, मासळी साफ करायला बसलं की पायात पायात करतंय, शेजारच्या पडवीतली सुकट पण पळवतंय आणि एवढं करून पाठीवरचा मणका न् मणका हाताला लागतोय, तर ते नुसतं म्हातारपण नव्हे. पाणी जास्त पिणं, उलट्या, पातळ शी, अंगावरचे केस विस्कटलेले, ही बाकीची लक्षणं. डायबिटीसमधे किंवा आतड्याच्या आजारातही बरंचसं असंच दिसतं, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, बघा असं आपणहून सांगायला काय हरकत आहे.

थायरॉईड म्हणजे गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना असलेली ग्रंथी. अन्नातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन बनवते, टी-फोर मधल्या चारचा अर्थच रेणूत आयोडीनचे चार अणू. म्हाताऱ्या मांजरांत या ग्रंथीत गाठी येतात आणि त्या कोणाचं न ऐकता हार्मोन सोडत बसतात, मग शरीराचं इंजिन भरधाव चालतं आणि खाल्लेलं सगळं जळून जातं. घाबरू नका, यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, कॅन्सर शंभरात दोन-तीन मांजरांनाच. कुत्र्यांचं बरोब्बर उलटं, त्यांची थायरॉईड सहसा सुस्त पडते. मांजरांतला हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला तो 1979 मधे न्यूयॉर्कला, आणि त्यानंतर तो इतका सापडायला लागला की आधी नजरेतून सुटत होता की खरंच वाढलाय यावर बराच खल झाला. सोफ्याच्या फोममधली आग न लागण्यासाठीची केमिकल्स, जी धुळीत उतरतात आणि मांजर अंग चाटतं तेव्हा पोटात जातात, त्यांच्यावर संशय आहे, डब्यातल्या खाण्यावर पण आहे. ताज्या बांगड्यामुळे हे होतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे बिचाऱ्या बांगड्याला उगाच दोष देऊ नका.

बांगडा आड येतो तो उपचारात. एक उपाय असा आहे की आयोडीन अगदी कमी असलेलं खास खाणं द्यायचं, कच्चा मालच नाही तर हार्मोन बनणार कुठून. ऐकायला झकास, पण ते खाणं म्हणजे फक्त तेच, दुसरा एक घाससुद्धा नाही. आता समुद्रातल्या माशात आयोडीन भरपूर, आणि मालवण काय नि हर्णै काय, जिथे मांजर जेट्टीवर जाऊन स्वतःचं जेवण स्वतः उरकून येतं तिथे हे पथ्य कोण पाळणार? घरातच राहणारं मांजर असेल तर करून बघा.

ऑपरेशनने गाठ काढता येते. पण थायरॉईडला चिकटूनच कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारक्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यांना धक्का लागला तर पुढच्या दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरून झटके येऊ शकतात, शिवाय आधीच धावणाऱ्या हृदयाला भूल द्यायची. सगळ्यात भारी उपाय रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा. एक इंजेक्शन, ते आयोडीन गाठीत जाऊन बसतं आणि तिला आतून जाळतं, बहुतेक मांजरं कायमची बरी होतात. पण त्याला खास परवानगी, वेगळी खोली आणि मांजराला काही दिवस तिथेच ठेवणं आलं, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातलं हे काम नव्हे.

राहिली गोळी, आणि आपल्याकडे तीच चालते. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल, दुसरी पोटात गेल्यावर पहिलीच होते. माणसांना देतात तीच औषधं, पण डोस डॉक्टरच ठरवतील, आजोबांच्या डब्यातली गोळी अंदाजाने देऊ नका. गोळी हार्मोन बनणं थांबवते, आधी बनवून ठेवलेलं संपायला दोन-तीन आठवडे जातात, आणि गाठ तशीच राहते, म्हणून औषध जन्मभर. पेडव्यात लपवून द्यायचा प्रयत्न सगळेच करतात, मांजर पेडवा खातं आणि गोळी जमिनीवर चाटूनपुसून ठेवतं. त्यापेक्षा टॉवेलात गुंडाळा, डोकं थोडं वर करा, गोळी जिभेच्या मागे टाका आणि लगेच सुई नसलेल्या सिरिंजने थोडं पाणी गालातून सोडा, नाहीतर कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते. गोळी चुरू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हातच लावू नये. पहिल्या महिन्यांत उलट्या, किंवा तोंड रक्त येईपर्यंत खाजवणं दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. रक्तातल्या पेशी आणि लिव्हरवरही परिणाम होऊ शकतो.

आता किडनीचं. थायरॉईड वाढलेला असताना हृदय जोरात रक्त ढकलतं, त्यामुळे किडनीतून पण जास्त रक्त गाळलं जातं. पोफळीच्या बागेतला पंप फुल्ल सोडला की अर्धी चोंदलेली पाईपसुद्धा वाहताना दिसते तसं. त्यात मांजराचे स्नायू झडलेले, म्हणजे क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी कशी चाललीय ते त्यावरून बघतात) मुळातच कमी बनतं, आणि रिपोर्ट छान येतो. गोळी चालू झाली, पंप हळू झाला, की किडनीचा खरा आकडा बाहेर पडतो आणि लोक म्हणतात गोळीने किडनी घालवली. घालवली नाही, दिसली. म्हणून तर डॉक्टर डोस थोड्यापासून वाढवत नेतात आणि दोन-तीन आठवड्यांनी टी-फोरबरोबर क्रिएटिनिन पण बघतात. उलट टी-फोर नको इतका खाली गेला तरी किडनीला त्रासच, त्यामुळे "लवकर बरं होऊदे" म्हणून मनाने डोस वाढवू नका. बीपी पण मोजून घ्या, ते चढलेलं राहिलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

घरी करायचं ते सोपं, मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम जाणं म्हणजे दहावा हिस्सा गेला. आणि गोळ्या पावसाआधीच जास्तीच्या आणून ठेवा, घाट बंद झाला की मेडिकलवाला पण हात वर करतो.