मेहल : काळं पडल्यावर गोड होणारं फळ

कुमाऊं-गढवालमध्ये शेताच्या बांधावर एक काटेरी झाड दिसतं, मेहल. हिमाचलात त्यालाच कैंथ म्हणतात. (आपलं कवठ ते हे नव्हे, कवठाचं हिंदी नाव ‘कैथ’, म्हणून गोंधळ होतो.) ही हिमालयातली रानटी नाशपाती. शास्त्रीय नाव पायरस पाशिया. यातलं ‘पाशिया’ नेपाळमधल्या स्थानिक नावावरून आलं.

वसंतात झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. फळं जेमतेम सुपारीपेक्षा मोठी, तपकिरी, अंगभर बारीक ठिपके. झाडावरून तोडून लगेच चावलं तर तोंड आखडतं, इतकं तुरट. म्हणून डोंगरातली माणसं वाट पाहतात. थंडी पडते, फळ मऊ होतं, आतून काळपट होतं. आपण जे सडकं म्हणून फेकून देऊ, तेच तिथे चवीनं खातात. आंब्याला अढी लावणाऱ्यांना हा धीर लगेच समजेल.

या काळं पडण्यातच खरी गंमत आहे. कच्च्या फळातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि तेच आपल्याला तुरटपणा म्हणून जाणवतं. फळ मऊ होताना पेशीभित्तिका ढासळतात, टॅनिनं एकमेकांत गुंतून न विरघळणारी होतात आणि जिभेवरची त्यांची पकड सुटते. झाकली गेलेली साखर मग जाणवू लागते. रवाळपणा मात्र थोडा उरतोच. तो गरातल्या दगडपेशींचा, म्हणजे जाड, कठीण भिंतींच्या पेशींचा.

लोकवैद्यकात पिकलेलं फळ पोट साफ होण्यासाठी खातात, त्याचा रस गुराढोरांच्या दुखऱ्या डोळ्यांत घालतात. पहिल्या वापरामागचं कारण समजण्यासारखं आहे: नाशपातीवर्गीय फळांत सॉर्बिटॉल हे साखरेसारखं द्रव्य असतं, ते आतड्यात पाणी ओढून घेतं. शिवाय तंतूही असतात. डोळ्यांचा उपाय मात्र माणसानं स्वतःवर करू नये. रानातल्या फळाचा रस निर्जंतुक नसतो. पानाफळांच्या अर्कात क्लोरोजेनिक आम्ल, क्वेर्सेटिन यांसारखी ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) द्रव्यं आढळली आहेत. परीक्षानळीतल्या अशा निकालांवरून मेहलला मधुमेहासारख्या आजाराचं औषध ठरवणं मला घाईचं वाटतं.

या झाडाचा सर्वात मोठा उपयोग तर औषधाचा नाहीच. डोंगराळ भागात नाशपातीची कलमं याच काटक खुंटावर बांधतात. बागेत कधी कलमाच्या जोडाखालून काटेरी फुटवा वर येतो. माळी तो छाटून टाकतो. तो मेहल असतो.