कणत्वरकाचे मशीन लर्निंगने नियंत्रण

कणत्वरकातला आयनांचा झोत, म्हणजे बीम, लक्ष्यापर्यंत नेण्यासाठी चुंबकांचे प्रवाह, व्होल्टेज आणि रेडिओलहरींची कला (फेज, म्हणजे लहर कोणत्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते) जुळवावी लागते. हे काम संगणकाने आधीच्या मोजमापांवरून शिकत करण्याची ही पद्धत.

कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडे, मुंबईत कुलाब्याला समुद्रालगत असलेल्या पेलेट्रॉन या उच्च व्होल्टेजच्या त्वरकावरून कामाचा आवाका कळतो. त्याची क्षमता १४ दशलक्ष व्होल्टची. ऋण आयन मधल्या टर्मिनलकडे, म्हणजे उच्च धन व्होल्टेजच्या भागाकडे, ओढले जातात, कार्बनच्या पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावतात आणि धन होऊन पुढे ढकलले जातात. पुढच्या अतिसंवाहक लायनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या त्वरकात, रेडिओलहरींनी आयनांना ढकलणारे २८ अनुनादक आहेत. एकाची कला हलवली की आयन पुढे पोहोचण्याची वेळ बदलते आणि त्यापुढच्या सगळ्यांचे गणित चुकते. अनुभवी ऑपरेटर हे हाताने लावतात. वेळ मात्र जातो.

अशा ठिकाणी बेझियन ऑप्टिमायझेशन, म्हणजे आधीच्या मोजमापांवरून पुढची चाचणी कुठे घ्यायची याचा संभाव्यतेने अंदाज बांधणारी पद्धत, सोयीचे, कारण त्याला थोडी मोजमापे पुरतात. अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेने क्ष-किरण लेसरचे क्वाड्रुपोल (झोत एकवटणारे चार ध्रुवांचे) चुंबक असे जुळवल्याचे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चार-सहा चुंबक निवडायचे, प्रत्येकाला मर्यादा घालायची, बदल केल्यावर चुंबक स्थिरावू द्यायचा, मग फॅराडे कपावरचा, म्हणजे झोत अडवून त्याचा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या धातूच्या कपावरचा, प्रवाह वाचायचा.

अल्गोरिदमवर पानेच्या पाने लिहिली जातात. काम अडते ते या वाचनावर. समजा, वरच्या (पेलेट्रॉनच्या आधीच्या) कपावर ५०० नॅनोअँपिअर आणि खालच्यावर (नंतरच्या) ६०० दिसले. वाढ झालेली नाही. खालच्या कार्बन आयनावर सहा पट धनभार असेल, तर ६०० ला ६ ने भागून १०० उरतात, म्हणजे वरच्या एकभारी आयनांपैकी फक्त २० टक्के पोहोचले. आयनस्रोत स्वतःच वरखाली होतो, म्हणून प्रोग्रॅमला नुसता खालचा आकडा न देता हे गुणोत्तर द्यावे. कपात आयन आदळून उडणारे इलेक्ट्रॉन परत लोटणारे ऋण व्होल्टेज बंद राहिले, तर प्रवाह फुगून दिसतो आणि प्रोग्रॅम त्या खोट्या आकड्यामागे धावतो. चुंबकाचे हिस्टेरिसिस, म्हणजे आधीच्या स्थितीचा मागे राहणारा परिणाम, तोही नडतो: ४० अँपिअरला खालून आले काय, वरून आले काय, क्षेत्र वेगळे मिळते. त्यामुळे नेहमी एकाच बाजूने यावे.

त्वरकात काही सेकंद थांबता येते, टोकामॅकमधील, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने तप्त वायू कोंडणाऱ्या संलयन यंत्रातील, प्लाझ्मा थांबत नाही. म्हणून २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या टीसीव्ही या टोकामॅकवर १९ चुंबकीय कॉइल चालवणारे न्यूरल जाळे (शिकणारा प्रोग्रॅम) आधी सिम्युलेटरवर शिकवले होते. प्रत्यक्षात ते सेकंदाला १०,००० वेळा आज्ञा देत होते.

इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सुरक्षा-व्यवस्था, मात्र शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देत नाहीत. निर्वात बिघडला की झोताची नळी बंद करणारा गेट व्हॉल्व्ह त्याला न विचारता बंद होतो.