चाकांवरून आलेलं उपाहारगृह: मॉडेल रेल्वेवरच्या डायनरमागचा इतिहास

अमेरिकन रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारणाऱ्यांच्या मांडणीवर स्टेशन, पाण्याची टाकी आणि धान्याचं कोठार यांच्या जोडीनं एक इमारत हमखास दिसते. लांबट, बुटकी, खिडक्यांच्या रांगेची, बहुतेक वेळा चंदेरी. हा डायनर, म्हणजे काउंटरवर बसून खायचं छोटं उपाहारगृह. रेल्वेचा निवृत्त झालेला जेवणाचा डबा रुळांवरून उतरवून रस्त्याकडेला ठेवला आणि त्याचं उपाहारगृह झालं, असा त्याच्याबद्दलचा समज खुद्द अमेरिकेतही सर्रास आढळतो. तसे काही डायनर होते, पण थोडे. बहुतांश डायनर रुळांवर कधी धावलेच नाहीत. ते कारखान्यात, डायनर म्हणूनच जन्माला आले. त्यांचा हा खरा इतिहास माहीत असला की किटमधला, म्हणजे जोडून इमारत करायच्या तयार संचातला, एकेक भाग तसा का आहे ते उलगडतं, आणि डायनर कुठे ठेवायचा, कसा रंगवायचा हे ठरवताना अंदाजावर विसंबावं लागत नाही.

सुरुवात घोड्यानं ओढायच्या गाडीपासून होते. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात संध्याकाळनंतर उपाहारगृहं बंद होत, पण वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत रात्रभर काम चाले. तिथल्या वॉल्टर स्कॉट यांनी आधी टोपलीतून खाणं विकलं होतं. १८७२ मध्ये त्यांनी मालवाहू गाडीला छप्पर आणि खिडक्या बसवल्या आणि ती रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर उभी करायला सुरुवात केली. उकडलेली अंडी, सँडविच, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) असा साधा माल. स्कॉट गाडीच्या आत, गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर. पाऊस किंवा हिमवर्षाव असला तरी खायचं उभ्यानंच.

गिऱ्हाइकाला आत घ्यायची कल्पना मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात सुचली. सॅम्युअल जोन्स यांनी १८८७ मध्ये एवढी मोठी गाडी बांधून घेतली की लोक आत येऊन उभे राहू शकत. पुढे त्याच शहरातल्या चार्ल्स पामर यांनी अशा गाडीच्या रचनेचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं, आणि थॉमस बकली यांनी नक्षीदार काचा लावलेल्या देखण्या गाड्या बनवून त्या गावोगावी पोहोचवल्या. म्हणजे एकोणिसावं शतक संपण्याआधीच हा कारखानदारीचा धंदा झाला होता. जेवण विकणारा एक, गाडी बनवणारा दुसरा. डायनरच्या इतिहासात ही फारकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

प्रॉव्हिडन्समध्ये १८९३ साली सुरू झालेली हेवन ब्रदर्सची गाडी अजूनही नगरभवनाजवळ उभी राहते. घोड्याची जागा ट्रकनं घेतली, एवढाच काय तो फरक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांनी या गाड्यांवर वेळेची बंधनं घातली. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत रस्ता मोकळा करायचा. मालकांनी मग रस्त्याकडेच्या छोट्या जागा भाड्यानं घेतल्या आणि गाडी तिथेच कायमची टेकवली. चाकं झाकली गेली, पाण्याचा नळ जोडला गेला. याच काळात घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम आल्या होत्या आणि जुने डबे कवडीमोलानं मिळत होते. अनेकांनी ते घेऊन त्यांतच चूल मांडली. ‘जुना रेल्वे डबा’ या समजाचं मूळ बरंचसं इथे असावं. हे ट्रामचे डबे लवकरच कळकट झाले आणि त्यांनी या धंद्याची पत घालवली. प्रतिष्ठित माणसं, विशेषतः स्त्रिया, तिथे पाऊल टाकेनात.

ही पत परत मिळवायचं काम कारखान्यांनी केलं. न्यू रोशेलचे पॅट्रिक टियर्नी, न्यू जर्सीतले जेरी ओ’महोनी आणि वूस्टर लंच कार कंपनी ही यातली मोठी नावं. ओ’महोनी यांनी १९१३ मध्ये धंदा सुरू केला आणि त्यांच्या कंपनीनं सुमारे दोन हजार डायनर बनवले असं मानलं जातं. वूस्टर कंपनी १९०६ पासून १९५७ पर्यंत चालली. तिनं आपल्या डायनरना २०० पासून क्रमांक दिले आणि शेवटचा क्रमांक होता ८५०, म्हणजे एकूण ६५१. संगमरवरी काउंटर, फिरती स्टुलं, फरशी, भट्टी, भांडी ठेवायची कपाटं, सगळं कारखान्यात बसवून डायनर तयार व्हायचा. मालकानं फक्त पाया बांधून ठेवायचा आणि पाणी, गॅस, वीज जोडून घ्यायची. पैसे बहुधा हप्त्यानं फेडले जात.

डायनरचा आकार ठरला तो या पद्धतीमुळे. तयार इमारत रस्त्यानं किंवा रेल्वेच्या सपाट वाघिणीवरून न्यायची, म्हणजे रुंदी, उंची आणि लांबी तीनही बाजूंनी मर्यादा आली. सुरुवातीच्या कारखानी डायनरची रुंदी दहा फुटांच्या आसपास असे. वाटेत पूल येतात, बोगदे येतात, वळणं येतात. रेल्वेच्या डब्यावर जी बंधनं, तीच डायनरवर, म्हणून दोघांचं रूप जुळलं. कारागिरांची विद्याही तीच होती. घोडागाड्या, ट्राम आणि डबे बांधणाऱ्या सुतारांनीच डायनर बांधले. छपराच्या मधोमध उंचावलेली, झरोक्यांची पट्टी असलेली रचना अनेक डायनरवर दिसते. ती प्रवासी डब्यांवरून सरळ उचललेली आहे. वूस्टरनं पुढे अर्धगोल, पिंपाच्या पाठीसारखं छप्पर पसंत केलं, आणि त्याखाली रंगीत एनॅमलचे पत्रे, त्यांवर भट्टीत पक्की केलेली मालकाच्या नावाची अक्षरं.

मग १९३४ साल उजाडलं. त्या वर्षी २६ मे रोजी बर्लिंग्टन रेल्वेची झेफिर ही स्टेनलेस स्टीलची गाडी डेन्व्हर ते शिकागो हे हजार मैलांहून अधिक अंतर तेरा तासांत, मध्ये न थांबता धावली. बड कंपनीनं घडवलेल्या त्या चकचकीत, वारा कापणाऱ्या आकारानं अख्ख्या देशाला भुरळ घातली. डायनर बनवणारे मागे राहिले नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅकच्या जुडकिन्स कंपनीनं स्टर्लिंग स्ट्रीमलायनर नावाचे डायनर काढले. त्यांचं एक टोक, कधी दोन्ही टोकं, इंजिनाच्या नाकाडासारखी निमुळती. रुळांशी काही संबंध नसलेल्या, एका जागी खिळलेल्या उपाहारगृहाला वेगाचा आकार दिला गेला. या स्ट्रीमलायनरपैकी १९४१ चा ‘मॉडर्न डायनर’ ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटमध्ये आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसास्थळांच्या नोंदवहीत दाखल झालेला तो पहिला डायनर, १९७८ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टेनलेस स्टीलचं राज्य आलं. पन्हळी पत्रे, सूर्यकिरणांसारखी उठावाची नक्षी, निऑनच्या पाट्या, काचेच्या विटा, आत फॉर्मायका आणि टेराझोची फरशी. न्यू जर्सीतल्या कारखान्यांचा हा भरभराटीचा काळ. डायनर इतके मोठे झाले की ते दोन किंवा अधिक तुकड्यांत येऊ लागले आणि जागेवर जोडले जाऊ लागले.

मॉडेल रेल्वेची संघटित हौसही झेफिरच्या वर्षापासून पुढे, याच काळात आकाराला आली. त्यामुळे हे दोन इतिहास एकमेकांत इतके गुंतले आहेत. मिलवॉकीहून अल काल्मबाख यांचं मॉडेल रेल्वेविषयक मासिक १९३४ मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रुळांची, चाकांची मापं ठरली, एका उत्पादकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागला. इमारती मात्र पुष्कळ काळ पुठ्ठा, पातळ लाकूड आणि छापील कागद यांतूनच बनत. बॅकमन कंपनीनं १९४७ च्या सुमारास प्लास्टिकव्हिल ही मालिका आणली आणि चित्र पालटलं. गोंदाशिवाय एकमेकांत अडकणारे भाग, खेळण्यातल्या गाडीशेजारी वसवायचं अख्खं गाव, आणि त्या गावात एक डायनरसुद्धा.

साच्यात दाबून घडवलेल्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला डायनर फार मानवला. विटांच्या भिंतीत किंवा लाकडी फळ्यांत जो खडबडीतपणा असतो, तो प्लास्टिकमध्ये उतरवणं कठीण. डायनरचं मूळच पत्र्याचं. सरळ रेषा, एकसारख्या पन्हळी, एकाच मापाच्या खिडक्या. पोलादी साचा हे सगळं नेमकं उतरवतो. शिवाय मूळ वस्तू तुकड्यांत, ठरलेल्या क्रमानं जोडलेली, आणि तिची प्रतिकृतीही तशीच. इतर इमारतींची किटं बांधताना आपण गवंड्याच्या कामाची नक्कल करतो. डायनर बांधताना कारखान्यातल्या जोडणीचाच क्रम पुन्हा गिरवतो. या किटचं मला वाटणारं खरं आकर्षण हेच.

जागेचं गणितही त्याच्या बाजूनं आहे. एचओ स्केल म्हणजे मूळच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद डायनर त्यात १०५ बाय ३५ मिलिमीटर भरतो. चाळीस फुटी मालडबा १४० मिलिमीटरचा, म्हणजे डायनर त्याहून आखूड. एकास एकशे साठ प्रमाणाच्या एन स्केलमध्ये तो जेमतेम ५७ मिलिमीटर. कारखाने, स्टेशनं यांची प्रतिकृती करताना जागेअभावी बहुतेकांना ती आखडावी लागते. डायनर पूर्ण मापानं, काटछाट न करता बसतो.

काळाचा मेळ तर त्याहून उत्तम. अमेरिकन मांडण्यांमध्ये वाफ जाऊन डिझेल येण्याचा काळ, साधारण १९४० ते १९६०, फार आवडीचा, कारण दोन्ही प्रकारची इंजिनं शेजारी उभी करता येतात. डायनरचं वैभवही नेमकं त्याच वीस वर्षांतलं. तरीही कोणताही डायनर कुठेही चालत नाही, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. १९३० च्या मांडणीवर स्टेनलेस स्टीलचा लांबलचक डायनर खटकतो. न्यू इंग्लंडच्या गावात एनॅमलचा, अर्धगोल छपराचा हवा. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात चंदेरी शोभतो. कॅन्सस आणि त्याच्या पश्चिमेला गेलात तर विचिटाच्या व्हॅलेंटाइन कंपनीचे छोटे, आठ-दहा स्टुलांचे पोलादी डायनर शोधा. त्यांच्या दाराजवळ भिंतीत एक तिजोरी असे. चालकानं हप्त्याचे पैसे तिच्यात टाकायचे आणि कंपनीच्या माणसानं येऊन ते काढून न्यायचे.

किट हातात आलं की हा इतिहास थेट कामाला येतो. आधी मागची बाजू. समोरून चकचकीत दिसणाऱ्या बऱ्याच डायनरच्या पाठीला साधी, सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली जोडलेली असे. स्वयंपाकघर, कोठी, कधी शौचालय. ती जागेवर बांधलेली, म्हणून तिचा पोत आणि रंग वेगळाच हवा. अनेक किटांत हा भाग नसतो किंवा अगदी त्रोटक असतो, आणि तो स्वतः करण्यात घालवलेला वेळ सत्कारणी लागतो. पाया विटांचा किंवा काँक्रीटचा करा. डायनर थेट जमिनीवर ठेवला तर तो खेळण्यासारखा दिसतो. मोठा, युद्धोत्तर डायनर असेल तर तुकड्यांच्या सांध्याची उभी रेष बुजवू नका. ती मूळ इमारतीतही होती.

चंदेरी रंगाचं अवघड आहे. साधा चंदेरी रंग करडा आणि मळकट दिसतो. चकचकीत काळ्या अस्तरावर धातुरंगाचे पातळ हात दिले, किंवा मागे गोंद असलेली धातूची पातळ पट्टी चिकटवली, तर पत्र्याचा भास येतो. एनॅमलचा डायनर उलट सोपा, त्याला चकचकीत रंग आणि पाट्यांसाठी डेकल (चिकटवायची छापील अक्षरं-चित्रं) पुरतात. दिवे लावायचे असतील तर भिंती आतून आधी काळ्या, मग फिकट रंगवा, नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो आणि अख्खी इमारत कंदिलासारखी पेटते. आणि आतलं सामान टाळू नका. डायनरच्या खिडक्या मोठ्या आणि नजरेच्या पातळीवर असतात, रिकामं पोट लगेच दिसतं. काउंटर, स्टुलांची रांग आणि मागची भिंत एवढं पुरे.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून साखळी उपाहारगृहं पसरली, महामार्ग गावं टाळून जाऊ लागले. ओ’महोनी १९५६ मध्ये बंद पडली, वूस्टर पुढच्या वर्षी. उरलेल्यांनी रूप बदललं. १९६० च्या दशकाअखेर आणि १९७० च्या दशकात जुन्या स्टीलवर दगड-विटांचं आवरण चढलं, वर उतरतं मॅन्सार्ड छप्पर आलं. त्या काळातली मांडणी असेल तर एका बाजूनं नव्या आवरणाखाली गेलेला आणि दुसऱ्या बाजूनं अजून चंदेरी असलेला डायनर दाखवता येईल. असं कुणी फारसं करत नाही, पण करायला हवं.

दुसरी एक शक्यता मालगाडीची. १९२० च्या दशकातल्या मांडणीवर सपाट वाघिणीवर साखळदंडांनी बांधलेला, खिडक्यांवर फळ्या ठोकलेला नवा कोरा डायनर लादता येतो. त्यासाठी पाया नको, दिवे नकोत, आतलं सामानही नको. फक्त रुंदी आणि उंची आपल्या बोगद्यांतून निघेल एवढी आहे ना, हे चिकटवण्याआधी मोजून घ्यायचं.