फोटो तुमचे, पोस्ट तुमच्या, मित्रयादी कुणाची?

रावेर-यावल भागातला एखादा केळी रोपवाटिकावाला फेसबुकवर आठ-दहा वर्षं फोटो टाकतो, रोपांचे भाव लिहितो, गिऱ्हाइकांशी मेसेंजरवर बोलतो. खातं हॅक झालं किंवा कंपनीनं बंद केलं, की सगळं एका झटक्यात हातचं जातं. त्यामुळे खातं सुरळीत चालू असतानाच डेटाची प्रत काढून ठेवावी. सोय फुकट आहे, फक्त सेटिंग्जमध्ये बरीच आत आहे.

अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' उघडलं की माहिती डाउनलोड किंवा एक्सपोर्ट करण्याचा पर्याय दिसतो. (मेनूची नावं अधूनमधून बदलतात, त्यामुळे थोडं शोधावं लागतं.) मागणी पाठवण्याआधी तारखांची मर्यादा बघा. तिथे 'ऑल टाइम' निवडलं नाही तर मोजक्याच काळाचा डेटा हाती येतो आणि हे बहुतेकांच्या झिप (सगळा डेटा एकत्र बांधून येतो ती फाइल) उघडल्यावरच लक्षात येतं. फोटोंचा दर्जा 'हाय' ठेवा. फाइल स्वतः वाचायची असेल तर एचटीएमएल घ्या; जेसन हा प्रकार प्रोग्रामसाठी असतो.

जेसनमध्ये मराठीची वेगळीच गोची होते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं, आणि फेसबुकच्या या फाइलमध्ये प्रत्येक बाइट सुटं अक्षर म्हणून लिहिला जातो. 'केळी' या शब्दात संगणकाच्या हिशेबानं ४ चिन्हं आहेत: क, एकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ वेलांटी. त्यांची १२ अगम्य चिन्हं होतात आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच तो रोमन 'ए' दिसतो. अहिराणी पोस्टचंही तेच. पण मजकूर गेलेला नसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तो 'लॅटिन-१' (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) म्हणून एन्कोड करून 'यूटीएफ-८' म्हणून डिकोड केला की केळी परत केळी होते.

मित्रयादीत मात्र नावं आणि मैत्री कधी झाली ती तारीख, एवढंच मिळतं. फोन नंबर नाहीत, ईमेल नाहीत. गिऱ्हाईक हीच खरी कमाई असलेल्याला हे खटकणारच, पण ते रास्त आहे. तो नंबर मित्राचा आहे. हे दार पूर्वी सताड उघडं होतं. एखादं ॲप तुम्ही घेतलं की ते तुमच्या मित्रांचीही माहिती उचलू शकत होतं. फेसबुकनं हे २०१५ मध्ये बंद केलं. ब्रिटनमधल्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे अशाच एका ॲपमधून लोकांचा डेटा गेला होता. त्या प्रकरणात भारतात ते ॲप घेणारे होते ३३५ जण. ज्यांच्या डेटाला झळ लागली असावी, असे फेसबुकच्याच अंदाजानं ५,६२,४५५!

युरोपात मे २०१८ पासून डेटा दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यातून गळला. माहितीचा गोषवारा मागणं, ती दुरुस्त करून घेणं किंवा पुसायला लावणं असे हक्क कायद्यात आहेत. पण जुना पसारा उचलून नव्या ठिकाणी मांडायचा हक्क नाही.

व्हॉट्सॲपवर 'एक्सपोर्ट चॅट' आहे, पण तो एकेका गप्पेपुरता: फोटोंसकट शेवटचे सुमारे १०,००० संदेश, फोटोंशिवाय सुमारे ४०,०००. ही फाइल पुन्हा व्हॉट्सॲपमध्ये भरता येत नाही, त्यामुळे नवा फोन घेताना तिच्यावर विसंबू नका. त्यासाठी बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

फेसबुकच्या झिपला पासवर्ड नसतो आणि आत खासगी संदेशही असतात. ती भुसावळ किंवा धुळ्याच्या नेट कॅफेत उतरवली तर डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. पेनड्राइव्हवर घेतल्यावर तिथून ती डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा आणि खात्यातून लॉगआउट होऊनच उठा.